मोम्मोच्या गॅरेजातलं वजन

मित्रांनो, मी एक जुनं वजन आहे. बिडाचं, वीस किलोंचं. वर धरायला कडी आणि खाली सपाट बूड. हल्ली काटे विजेवर चालतात, त्यामुळे मला ओळखणारं कोणी उरलं नाही. कोणाला मी दाराला लावायचा धोंडा वाटतो, कोणाला होडीचा नांगर. मला भयंकर राग येतो. पण सध्या मी पालेर्मोच्या कोर्टाच्या तळघरात पडून आहे. इथे रागावलो तरी ऐकणार कोण? म्हणून तुम्हाला सांगतो.

आधीच बजावतो, गोष्ट गोड नाही. हिच्यात हाडं मोडतात आणि रक्तही निघतं. ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी खुशाल उठून जावं, मला वाईट वाटणार नाही.

माझा जन्म बंदराजवळच्या एका फौंड्रीत झाला. तापलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, थंड होऊ दिलं आणि मग वाळू झाडायला एका दांडगटानं मला हातोडीनं झोडपून काढलं. डोळे उघडतोय तोच मार! नंतर वजनमापे खात्याचा इन्स्पेक्टर आला. त्यानं मला तोललं, कानशीनं जरासं घासलं, पुन्हा तोललं आणि बुडाशी शिक्का मारला. त्या दिवशी मी काय फुशारलो होतो म्हणून सांगू!

माझी पहिली नोकरी कुपा माशांच्या गोदीत. दर वसंतात समुद्रात जाळ्यांची कोंडी करायचे, कुपे आत शिरले की आकडे मारून एकेकाला वर ओढायचे. पाणी लाल व्हायचं. एका माशानं शेपटीच्या फटक्यात एका कोळ्याचा जबडा मोडला होता, तो माणूस पुढे आयुष्यभर पेज पीत होता. पण मित्रांनो, त्या रक्ताची मला कधी शिसारी आली नाही. ते पोटासाठी होतं आणि उघड्यावर होतं. काट्यावरचा म्हातारा मला रोज तेलाच्या फडक्यानं पुसायचा. कोणी व्यापारी वजनावरून हुज्जत घालायला लागला की तो माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "ह्याच्याशी भांड. ह्याला ना बायको आहे ना मेहुणा, हे कोणाची बाजू घेत नाही." मला ते फार आवडायचं.

मग मासे कमी झाले, गोदी बंद पडली, म्हातारा गेला. बरीच वर्षं मी एका गोदामात गंजत पडलो. पुढे भंगारवाल्यानं मला एका तळघरातल्या जिमला विकलं. तिथली पोरं मला छातीशी धरून आरशात स्वतःलाच बघत बसायची. वाईट नव्हते ते दिवस. चेष्टा होती, घाम होता, कोणाचं काही बिघडत नव्हतं. एक दिवस जिमच्या मालकाकडे मोम्मो आला, मला दोनदा उचलून पाहिलं आणि बूड तळहातानं चाचपलं. "हे चालेल," म्हणाला. कशाला चालेल, ते मला तेव्हा कळलं नाही.

मोम्मोचं मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. जाड मानेचा, सदा हसरा माणूस. पोराबाळांना गोळ्या वाटायचा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलून द्यायचा. अख्खी गल्ली त्याला मोम्मोकाका म्हणायची. त्याचा खरा धंदा दुपारी चालायचा. जेवणं झाली, बाजार झोपला, की शटर अर्ध्यावर यायचं.

धंदा काय, तर माणसाची हाडं मोडायची. हसू नका, खरंच सांगतोय. कोणी बेकार असतो, कोणी दारूत बुडालेला असतो, कोणाच्या घरी रोज रडारड असते. अशा माणसाला मोम्मो हेरायचा. "एक हात दे, विम्याचे पैसे मिळवून देतो," म्हणायचा. दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर हात आडवा ठेवायचा आणि मधोमध मला आपटायचा. मग त्या माणसाला उचलून रस्त्यावर न्यायचं, शेजारी एक मोडकी स्कूटर पाडायची, गाडीनं उडवलं म्हणून बोंबलायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. मला कडी आहे म्हणून धरायला बरा आणि बूड सपाट म्हणून कातडी फाटत नाही, हाडच मोडतं. माझी ही अशी लायकी ठरली होती.

ह्या सगळ्या नाटकाला एक साक्षीदार लागायचा. तो होता नोफ्रियो. काटकुळा, देवभोळा, गळ्यात सांता लुचिया ह्या संतिणीचं पदक. प्रत्येक अपघाताला हा 'योगायोगानं' हजर! त्याचं पाठांतर एकच. 'मी बेकरीतून गरम पाव घेऊन निघालो होतो, इतक्यात पांढरी गाडी भरधाव आली.' दुसरं काही त्याच्या डोक्यात राहायचंच नाही.

आता गास्पारेबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट त्याची आहे. गास्पारे मासळीबाजारात हमाल होता. बर्फाच्या पेट्या पाठीवरून वाहायचा. आईबाप नाहीत, थोरली बहीण निन्फा, ती खानावळीत भांडी घासायची. गास्पारेच्या डोक्यात एकच वेड होतं. एक जुनी ॲपे घ्यायची, तीनचाकी, आणि गल्लोगल्ली भाजी विकायची. पेट्या वाहून पाठ बसली की माणूस रस्त्यावर येतो, हे त्यानं बापाच्या बाबतीत पाहिलं होतं. त्याला ॲपे मोम्मोनं दाखवली. निळी होती. गॅरेजातच उभी होती.

"घे की," मोम्मो म्हणाला, "एका हातात येईल ती."

ते घडलं तेरा डिसेंबरच्या सकाळी. त्या दिवशी मोम्मोनं दुपारची वाटही पाहिली नाही, कारण सांता लुचियाचा सण, गल्लीतले सगळे चर्चमध्ये.

"दुखेल का, काका?"

"मुंगी चावते तेवढं. तू भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहा."

"डावाच हं, काका. उजवा नको."

"अरे डावाच रे बाबा! आम्ही काय कसाई आहोत?"

नोफ्रियोनं त्याचं मनगट धरलं आणि तोंड फिरवून देवाचं नाव घ्यायला लागला. मोम्मोनं मला वर उचललं. तेवढ्यात गास्पारे म्हणाला, "थांबा, काका, जरा थांबा..."

कोणी थांबलं नाही. नोफ्रियोनं त्याच्या तोंडात बोळा कोंबला. हाड मोडतं त्याचा आवाज कोरडा असेल असं तुम्हाला वाटत असेल. तसा नसतो. ओला असतो, आणि तो माझ्या बुडातून वर कडीपर्यंत चढला. पहिल्या घावात नीट मोडलं नाही म्हणून मोम्मोनं मला पुन्हा उचललं. गास्पारेच्या तोंडात बोळा होता, तरी त्याची किंकाळी पार घशातून आली. बोळा काढला तसा तो ओकला. मग त्याची शुद्ध गेली.

आणि मोम्मो काय करत होता माहीत आहे? हात धुऊन त्यानं कागदाची पिशवी उघडली. आमच्या शहरात सांता लुचियाच्या दिवशी कोणी पावाला शिवत नाही, पास्ता शिजवत नाही. सगळे भाताचे तळलेले गोळे खातात. तुमच्याकडे उपासाला कसं पाळतात, तसंच. गास्पारे शुद्धीवर आला तेव्हा मोम्मोनं एक गोळा मोडून त्याच्या तोंडाशी धरला. "खा, सणाचा दिवस आहे," म्हणाला. त्या क्षणी मी माणूस असतो ना, तर त्या गोळ्यासकट त्याचे दात घशात घातले असते.

महिना उलटला आणि विमा कंपनीचा सर्व्हेयर आला. तुम्हाला सर्व्हेयर कदाचित माहीत नसेल. अपघातात माणूस जखमी झाला की कंपनी ह्याला पाठवते. हा मोडकी गाडी बघतो, जखम बघतो, साक्षीदारांना उलटसुलट विचारतो आणि ठरवतो, ह्या दुखण्याची भरपाई किती. कंपनीला वाटतं ह्यानं कमी द्यावं, जखमी माणसाला वाटतं जास्त द्यावं. दोघंही ह्याच्या नावानं खडे फोडतात. आमच्याकडे आला त्याचं नाव तुमिनेल्लो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, चांगला लोकरीचा कोट घातलेला. गल्लीत शिरल्या शिरल्या त्याच्या डोक्यावर कोणीतरी वरून भांडंभर पाणी ओतलं होतं. त्यानं रुमाल काढून कान पुसला आणि गॅरेजात आला.

"साहेब, कॉफी सांगू?" मोम्मो हात चोळत म्हणाला.

"नको. मागच्या वेळी तुझी कॉफी प्यालो आणि घरी जाईपर्यंत चारही टायर बसले होते. गाडी दाखव."

त्यानं स्कूटर बघितली. मग स्टुलावर बसलेल्या गास्पारेकडे वळला. "तळहात दाखव. दोन्ही."

"साहेब, माझा हात इथे मोडलाय. तळहाताला काही झालेलं नाही."

"तेच म्हणतोय. पडणारा माणूस आधी हात टेकतो. तुला इस्पितळात आणलं तेव्हा काढलेले फोटो बघितले मी. हात दोन ठिकाणी मोडलेला आणि तळहाताला साधं खरचटलेलं नाही. रस्त्यावर पडलास की गादीवर?"

"नशीब बिचाऱ्याचं," मोम्मो मध्येच बोलला.

"नशीब धड असतं तर हातच मोडला नसता. साक्षीदार कुठाय?"

नोफ्रियो पुढे आला. छाती काढून, डोळे मिटून त्यानं सुरू केलं. "मी बेकरीतून गरम पाव घेऊन निघालो होतो. पाव काखेत होता. इतक्यात पांढरी गाडी भरधाव..."

"कुठली तारीख?"

"तेरा डिसेंबर. सकाळची वेळ."

तुमिनेल्लोचं पेन थांबलं. तो नोफ्रियोच्या गळ्यातल्या पदकाकडे बघत राहिला. मग अगदी हळहळल्यासारखा म्हणाला, "काय दिवस आलेत! गळ्यात सांता लुचिया आणि त्याच दिवशी काखेत पाव."

"काय म्हणालात?"

"काही नाही. आजकाल कोणी पाळत नाही, मला माहीत आहे. आई आहे का रे तुला?"

"आईला मध्ये आणू नका, साहेब."

"नाही आणत. तिच्या कानावर आहे का एवढंच विचारतो. लेक सांता लुचियाला पाव चघळत हिंडतो ते."

मोम्मोच्या कपाळावर घाम आला. "साहेब, तो शेजारणीसाठी नेत होता. ती बाई उत्तरेकडची, तिला आपलं काही..."

"तुला विचारलं नाही मी. हा खातो म्हणून विचारतोय. खातोस ना रे? लाजू नकोस, हल्ली कुत्री-मांजरंसुद्धा खातात."

झालं! नोफ्रियोचा चेहरा लालबुंद. "तोंड सांभाळून बोला! आईच्या डोळ्यांची शपथ घेऊन सांगतो, जन्मात त्या दिवशी मी पावाला शिवलो नाही! त्या दिवशी मी बेकरीची पायरीसुद्धा चढलो नव्हतो!"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. मोम्मोनं डोळे मिटून घेतले. तुमिनेल्लोनं पेनाला टोपण लावलं.

"शाबास. तुझ्या आईला सांग, मुलगा चांगला निपजला," तो म्हणाला. "दावा नामंजूर."

जाताना तो गास्पारेपाशी थांबला आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोणी मोडला?"

"गाडीनं."

"बरं. मी 'नाही' लिहिलं की माझं काम संपलं, कंपनी खूश. पण ही माणसं अशी थांबत नाहीत. हात वाया गेला की पाय मागतात. मागितला की मला कळव. दुपारी मी घड्याळ-चौकातल्या कॉफीच्या दुकानात असतो."

"मला कोणाला काही कळवायचं नाही. तुमच्यामुळेच वाटोळं झालंय माझं. चालते व्हा!"

हे बोलणं दारात उभ्या असलेल्या निन्फानं ऐकलं. भावासाठी डबा घेऊन आली होती ती. "पाय? कसला पाय रे?" तिनं विचारलं.

"काही नाही गं, ताई. तू घरी जा."

ती गेल्यावर मोम्मोनं शटर ओढलं आणि नोफ्रियोला मारलं. त्याला मारणं म्हणायचं नाही, मित्रांनो, तुडवणं म्हणायचं. आधी पाना घेऊन, मग बुटांनी. "पुण्यवान! लेकाचा पुण्यवान!" असं म्हणत एकेक लाथ. नोफ्रियोचे दोन दात माझ्या कडीपाशी येऊन पडले. डोळा सुजून मिटला, पदक तुटलं. गास्पारे स्टुलावर बसून होता. नोफ्रियोचं झाल्यावर मोम्मो गास्पारेकडे वळला, गालावर हलकेच थोपटून म्हणाला, "तुझा दोष नाही, बाळा. आपण पुन्हा करू. दुसरी कंपनी, दुसरा रस्ता. ह्या वेळी पाय."

"नको, काका. मला काही नको. ॲपे नको. हात वाकडाच जुळलाय, पेट्या उचलत नाहीत, पण चालता तरी येतं. पाय नको."

"विचारत नाहीये मी," मोम्मो म्हणाला. तो हसतच होता.

पुढचे काही दिवस गास्पारे घराबाहेर पडला नाही. पण किती दिवस लपणार? एका दुपारी मोम्मोनं त्याला भर बाजाराच्या तोंडाशी गाठलं आणि मानगूट धरून फरफटत गॅरेजात आणलं. दुकानदारांनी पाहिलं. पाहिलं आणि आपापली शटरं लावली, जेवायची वेळ झाली होती ना! एकटी निन्फा खानावळीच्या खिडकीतून बघत होती. ती हातातली परात टाकून घड्याळ-चौकाकडे पळत सुटली. तुमिनेल्लोनं पोलिसांना फोन केला, ते म्हणाले येतो. पण ते यायची वाट त्यानं पाहिली नाही. हे सगळं मला नंतर कोर्टात कळलं.

गॅरेजात काय चाललं होतं ते मात्र मी स्वतः पाहिलं. गास्पारेला जमिनीवर पालथा पाडलेला. तोंडात बोळा, हात मागे वायरनं बांधलेले. वाकडा जुळलेला हात तसा मागे पिरगळला तेव्हा तो पुन्हा कडकन वाजला. डावा पाय दोन ठोकळ्यांवर आडवा. मोम्मो त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसला होता आणि मी नोफ्रियोच्या हातात होतो. त्याचा एक डोळा अजून काळानिळा होता.

"टाक," मोम्मो म्हणाला.

नोफ्रियोनं मला वर उचललं. त्याचा घाम माझ्या कडीवरून ओघळत होता.

"टाक म्हणतो ना! का तुझा ठेवू खाली?"

"काका, हा पोरगा चालणार कसा?"

"तुला काय करायचंय? टाक!"

मला ओरडायचं होतं, मित्रांनो. पण बिडाला गळा नसतो. इतक्यात शटर बाहेरून दणदणायला लागलं. निन्फा दोन्ही मुठींनी बडवत होती. "गास्पारे! ए गास्पारे! उघडा मेल्यांनो!" शटर जमिनीपासून हातभर वर अडकलं होतं. त्या फटीतून आधी एक लोकरीची बाही आली, मग टक्कल, मग ते पोट. तुमिनेल्लो ऑइलच्या थारोळ्यातून सरपटत आत आला. उठायला त्याला वेळ नव्हता, कारण मोम्मोनं उडी मारून मला नोफ्रियोच्या हातातून हिसकावलं होतं. सर्व्हेयर गुडघ्यांवर तसाच पुढे झेपावला आणि त्यानं आपला हात गास्पारेच्या पायावर टाकला.

"साहेब, बाजूला व्हा," मोम्मो म्हणाला. "तुम्हाला ह्याचे पैसे मिळत नाहीत."

"मला माहीत आहे काय मिळतं ते," तुमिनेल्लो धापा टाकत म्हणाला. "वजन खाली ठेव."

मोम्मोनं मला खाली ठेवलं नाही. डोक्यावर नेलं आणि सगळी ताकद लावून खाली आणलं. मी तुमिनेल्लोच्या उजव्या मनगटावर पडलो. तोच आवाज, तोच ओला. बोटं उलट्या बाजूला वळली, कोटाच्या बाहीतून हाडाचं टोक बाहेर आलं. तुमिनेल्लो गुरासारखा ओरडला, पण हात काढला नाही. मोम्मोनं मला पुन्हा उचललं. तेवढ्यात निन्फा फटीतून आत घुसली. तिनं पहिल्यांदा हाताला लागली ती स्कूटरची साखळी उचलली आणि मोम्मोच्या तोंडावर हाणली. एकदा, दोनदा, त्याचा कान लोंबायला लागेपर्यंत. मी त्याच्या हातातून सुटलो आणि रिकाम्या फरशीवर पडलो. फरशी फुटली. आयुष्यात मला कशावर पडून इतका आनंद झाला नव्हता. नोफ्रियो शटर वर लोटून पळाला, तो अजून सापडलेला नाही. पोलीस नंतर आले.

खटला उभा राहिला आणि मला कोर्टाच्या टेबलावर ठेवलं. मोम्मोनं मोठा वकील दिला होता. वकील म्हणाला, सर्व्हेयरसाहेबांचा हात शटरमध्ये चेंगरला, आणि हा माणूस माझ्या गरीब अशिलावर डूख धरून आहे. निन्फानं घाव पडताना पाहिलं नव्हतं, ती तेव्हा बाहेर होती. नोफ्रियो फरार. मग त्या वकिलानं तुमिनेल्लोच्या स्वतःच्या कंपनीचं म्हणणं वाचून दाखवलं. तुमिनेल्लोनंही आपल्या मोडलेल्या हाताचा दावा लावला होता ना! कंपनीनं त्याच्याकडे दुसरा सर्व्हेयर पाठवला. त्यानं उलटसुलट विचारलं आणि लिहिलं, जेवणाच्या सुट्टीत, कामाबाहेर, आपल्या मर्जीनं गेला. नामंजूर.

"ह्यावर काय म्हणायचंय तुमचं?" वकिलानं विचारलं.

तुमिनेल्लोचा उजवा हात वाळल्यासारखा मांडीवर पडला होता. "बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "मीही हेच लिहिलं असतं."

कोर्टात काही लोक हसले. मला मात्र इतकं भरून आलं की काय सांगू.

आता सगळं गास्पारेवर होतं. त्यानं तोंड उघडलं तर मोम्मो आत जाणार. पण तोंड उघडायचं म्हणजे आपण हात विकला, कंपनीला फसवायला निघालो, पोलिसांना खोटं सांगितलं, हेही कबूल करायचं. त्याची शिक्षा त्यालाही होणार. शिवाय आदल्या आठवड्यात त्यांच्या दाराशी कोणीतरी मेंढीचा पाय ठेवून गेलं होतं. गुडघ्यात मोडलेला. त्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

त्याचं नाव पुकारलं. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. मोम्मो पिंजऱ्यात बसून नखं बघत होता, कानाला टाके, चेहऱ्यावर तेच हसू. निन्फा बाकाची कड घट्ट धरून दाराकडे बघत होती. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. तेव्हा दार उघडलं आणि गास्पारे आत आला. लांबलचक दिवाणखान्यासारखी ती खोली, तिच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चालत आला. चेहरा पांढराफटक होता, पण पाय दोन्ही नीट पडत होते. तुमिनेल्लो त्या पायांकडे बघत होता. मीही तिकडेच बघत होतो.

"तुमचा हात कसा मोडला?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

गास्पारेनं वाकडा हात उचलून माझ्याकडे दाखवलं. "ह्यानं. मोम्मोकाकानं मारलं. मी विकला होता तो हात, खोटं कशाला बोलू?"

"आणि तुमिनेल्लोसाहेबांचा?"

"तोही ह्यानंच. माझ्या पायावर पडणार होतं ते. साहेबांनी मध्ये हात घातला." मग तो पिंजऱ्याकडे वळला आणि आवाज चढवून म्हणाला, "मी थांबा म्हणालो होतो, काका! सणाच्या दिवशीसुद्धा म्हणालो होतो!"

मोम्मोचं हसू गेलं. मी एवढ्या वर्षांत ते जाताना पहिल्यांदा पाहिलं.

मोम्मोला मोठी शिक्षा झाली, गास्पारेला लहान. तुमिनेल्लोचा हात पुन्हा कधी वळला नाही, तो आता डाव्या हातानं सही करतो म्हणे. गास्पारे सुटल्यावर काय करतो, मला ठाऊक नाही. तळघरात बातम्या पोचत नाहीत.

मित्रांनो, एक दिवस तुमच्याही पुढ्यात कोणीतरी गोड बोलणारा काका येईल आणि तुमच्या अंगाची किंमत सांगेल. तुमच्या नाही, तर तुमच्या शेजाऱ्याच्या पुढ्यात येईल. त्या वेळी शटर लावून जेवायला बसू नका. मी वीस किलोंचं बीड आहे. एकदा हातातून सुटलो की मला मध्येच थांबता येत नाही. खाली कोणाचा पाय आहे, कोणाची आई घरी वाट बघते आहे, मला काही दिसत नाही. मला थांबवायला माणसाचाच हात लागतो.